हेळसांड की हलाखी? बालसंरक्षणाची चौकशी दमनविरोधी पद्धतीने कशी करावी

मुलाविषयी तक्रार आल्यावर समाजकार्यकर्ता एखाद्या घराचे दार वाजवतो, तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूंची माणसे सारख्या बळाची नसतात. एकीकडे मूल घरातून हलवण्याची शिफारस करू शकणारी लेखणी असते आणि दुसरीकडे ती लेखणी काय लिहील या धास्तीने गप्प झालेले किंवा चिडलेले कुटुंब असते. ही असमानता गोड बोलण्याने मिटत नाही, पुष्कळदा झाकली मात्र जाते. ती उघडपणे ओळखून आपल्या हातातल्या सत्तेने कुटुंब दडपले जाणार नाही असे काम करणे, हीच दमनविरोधी पद्धत. म्हणून पहिल्याच भेटीत आपण कोण, तक्रार कशाबद्दल आहे, आपले अधिकार कोठपर्यंत आहेत, आपण काय लिहून घेणार, ते कोण वाचणार आणि कुटुंबाला सोबत कोणाला बसवता येईल, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे. तक्रारदाराचे नाव अर्थातच उघड करू नये. दुभाषा लागणार असेल तर तो कुटुंबाबाहेरचा असावा. घरातल्या मुलाकडूनच भाषांतर करून घेणे म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी आपण आलो त्याच्याच डोक्यावर ओझे ठेवणे होय.

चौकशीतला सर्वांत अवघड भाग म्हणजे हेळसांड आणि हलाखी वेगवेगळी ओळखणे. केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही, ती कुटुंबाला आधार देण्याची गरज दाखवते, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक (म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात हे तत्त्व वापरायचे तर प्रत्येक निरीक्षणापुढे एक प्रश्न लिहावा: पैसा, घर, वेळ किंवा एखादी सेवा मिळाली तर ही अडचण सुटेल का? सहा वर्षांचे मूल रात्री एकटे असते, हे गंभीर आहेच. परंतु आईची रात्रपाळी असेल, मूल सांभाळणारे दुसरे कोणी नसेल आणि पाळी बदलून मागितली तर काम जाण्याची भीती असेल, तर ‘आई बेफिकीर आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो आणि त्यावर बेतलेला उपायही चुकतो. अशा वेळी रात्रीच्या सांभाळाची सोय लावून देणे हाच बालसंरक्षणाचा पहिला उपाय असतो. सोय लागेपर्यंत मूल एकटे राहणार नाही, हेही त्याच दिवशी पाहावे लागते.

नोंद लिहिताना पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतः काढलेले अनुमान यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ‘पालक असहकारी आहेत’ हे वाक्य फायलींमध्ये इतके सहज उतरते की त्यामागे काय घडले होते, हे पुढचा अधिकारी विचारतही नाही. त्याऐवजी ‘दोन भेटींच्या वेळी घर बंद होते, तिसऱ्या भेटीत वडिलांनी सांगितले की आधी निरोप मिळाला असता तर त्या दिवशी कामावरून लवकर आलो असतो’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येते. मसुदा कुटुंबाला वाचून दाखवावा आणि त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत जोडावा. मात्र मुलाने विश्वासाने सांगितलेल्या ज्या गोष्टीमुळे त्याचा धोका वाढेल, ती त्यातून वगळावी. हे काम वेळखाऊ आहे आणि कामाच्या ढिगाखाली ते सर्वांत आधी गाळले जाते, हे मान्य करूनही त्याला पर्याय दिसत नाही.

या काळजीमागे इतिहास आहे. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात अनेक दशके मूलनिवासींची मुले सरकारी आदेशांनी आणि धर्मसंस्थांच्या मदतीने कुटुंबांपासून तोडली गेली, आणि तेही बहुधा ‘मुलांच्या हितासाठी’. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने त्याची मांडणी केली आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी तेथील पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. न्यूझीलंडमध्ये तेथील मूलनिवासी माओरी समाजाच्या टीकेनंतर १९८९ च्या कायद्याने कौटुंबिक परिषदेची पद्धत आणली. तिच्यात विस्तारित कुटुंब एकत्र येते, अधिकारी माहिती मांडतात आणि मग खोलीबाहेर जातात. योजना कुटुंब स्वतः आखते. खोलीबाहेर जाणे ही या पद्धतीतली खरी गोष्ट आहे. अधिकारी कोपऱ्यात बसून राहिले तर ती नेहमीचीच बैठक होते. मात्र परिषदेआधी कुटुंबात कोण कोणाला घाबरते, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे, अन्यथा घरातल्या बलवानाचाच शब्द ‘कुटुंबाची योजना’ म्हणून पुढे येईल.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते. आयव्हरी कोस्टहून आलेली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए २००० मध्ये लंडनमध्ये एक नातलग स्त्री आणि तिचा साथीदार यांच्या छळाने मरण पावली. सांभाळणाऱ्या त्या नातलग स्त्रीपुढे ती ताठ उभी राहत असे, आणि त्यातली भीती ओळखण्याऐवजी ती त्यांच्या संस्कृतीतली आदराची रीत समजली गेली, हे २००३ च्या चौकशी अहवालातून पुढे आले. संस्कृतीचा मान राखतो असे म्हणत मुलाच्या अंगावरच्या खुणांकडे दुर्लक्ष करणे हाही भेदभावच आहे, कारण त्या मुलाला इतर मुलांपेक्षा कमी संरक्षण मिळते. तात्काळ धोका दिसत असेल तर त्याच दिवशी पाऊल उचलावे.

मुलाशी एकट्याने, सुरक्षित ठिकाणी बोलावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम त्याच्या मताला वय आणि समज पाहून योग्य वजन द्यायला सांगते. ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मूल हलवावेच लागले तर आधी नातलगांकडे सोय होते का ते पाहावे. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, शाळा आणि भाषा तुटू देऊ नये, आणि आईवडिलांच्या भेटीचा दिवस लेखी ठरवूनच निघावे.

वर्षातून एकदा आपल्याच हातच्या शेवटच्या वीस फायली सहकाऱ्यासमोर उघडाव्यात. कोणत्या घरांना आधाराची शिफारस झाली, कोणत्या घरांतून मूल हलवले गेले, आणि सारख्याच परिस्थितीत ही दोन उत्तरे जात, वंश, धर्म, अपंगत्व किंवा एकटे पालकत्व यांप्रमाणे बदलली का, हे मोजावे. फरक सापडला तर त्या फायलींतली विशेषणे लाल शाईने अधोरेखित करावीत आणि त्या घरांची चौकशी दुसऱ्या कार्यकर्त्याकडे फेरतपासणीसाठी द्यावी.