बूस्ट गेजचा काटा चुकीचं दाखवतोय? आधी नळी धरून चला

गॅरेजला नव्यानं लागलेल्यांसाठी लिहितोय. बूस्ट गेज म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब (बूस्ट) किंवा ओढ (व्हॅक्यूम) दाखवणारं काट्याचं मीटर. मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) काय, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) काय, वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) काय, हे आयटीआयत झालेलं असणार, ते परत उगाळत नाही. पण गिऱ्हाईक गाडी आणून लावतं आणि विचारतं, "काटा नीट दाखवत नाही, टर्बो गेला का?" तेव्हा पोटात गोळा येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एवढी वर्षं काढून माझ्या अजून येतो, तुमच्या आला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त "टर्बो गेला" हे शब्द तोंडातून काढू नका. एकदा का ते गिऱ्हाईकाच्या कानावर पडले की खर्चाचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसतो. मग साधी क्लिप बदलून गाडी नीट झाली तरी त्याला वाटतं, याला काही कळत नाही.

बिघाड बहुतेक तीन ठिकाणी असतो: गेजमध्ये, नळीत किंवा इंजिनात. शिकाऊ पोरगा इंजिनापासून सुरुवात करतो, कारण शिकवलेलं तेच असतं. तुम्ही गेजपासून सुरू करा.

साध्या यांत्रिक गेजच्या आत एक वळवलेली चपटी पितळी नळी असते. फ्रान्सच्या युजीन बूर्दाँनं तिचं पेटंट 1849 मध्ये घेतलं आणि अजून तीच चालते. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते, व्हॅक्यूम ओढला की आणखी वळते, आणि तिच्या टोकाची दांडी काटा फिरवते. त्यामुळे तपासणी सोपी आहे. गेजची नळी काढा, काटा शून्यावर यायला पाहिजे. हातपंप लावून 20 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम ओढा आणि तसंच सोडून द्या. काटा तिथंच थांबला तर गेज शाबूत. बूस्टची बाजू सायकलच्या पंपानं हळूच दाब देऊन बघा. कंप्रेसरची लाईन थेट लावू नका, अजिबात नाही. टाकीत आठ-दहा बार असतात आणि गेज असतो दोन-तीन बारचा. काटा एकदा पलीकडच्या खिळ्यावर आपटून वाकला की मालकाला नवा गेज कुणाच्या पगारातून आणायचा हे बरोबर कळतं.

आता ज्या भानगडीनं मला घोळात घेतलं तिच्याकडे येतो. जरा लांबण लागेल, पण वाचा.

टर्बो पेट्रोल गाडी होती. गेज बाहेरून बसवलेला. काटा आयडलला 19 इंचावर, एकदम स्थिर. रेस दिली तरी 19. रस्त्यावर नेली, पिकअप झकास, टर्बोची शिट्टी ऐकू येतेय, आणि काटा 19 वर ढिम्म. बूस्टच्या बाजूला जायचं नावच नाही. गेज हातपंपावर चोख. नळीला गळती नाही, कुठं दबलेली नाही. म्हणजे काट्याप्रमाणे इंजिन फुल्ल लोडवर असताना मॅनिफोल्डमध्ये 19 इंच व्हॅक्यूम. हे होऊच शकत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम पडलाच पाहिजे.

उत्तर ब्रेकच्या नळीत होतं. पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरपर्यंत (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) जाडसर नळी जाते आणि तिच्यात एक वन-वे व्हॉल्व्ह असतो. कधी बूस्टरच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात, कधी नळीच्या मध्येच, बाहेरून फक्त एक फुगवटा दिसतो आणि त्यावर बाण. हा व्हॉल्व्ह हवा बूस्टरकडून मॅनिफोल्डकडे जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. इंजिन बंद पडलं तरी एक-दोन ब्रेक मारण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक राहावा यासाठी तो आहे. टर्बो गाडीत त्याला आणखी एक काम असतं, बूस्टचा दाब ब्रेकच्या डायफ्रामपर्यंत पोचू न देणं. गेज बसवणाऱ्यानं टी (नळीला फाटा काढणारी तीन तोंडांची जोडणी) मारली होती व्हॉल्व्हच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला. तिथं मिळतो साठवलेला व्हॅक्यूम. मॅनिफोल्डमध्ये त्या क्षणी काय चाललंय याचा त्या जागेशी संबंधच नाही.

ओळखायची खूण सांगतो. इंजिन बंद करा आणि काट्याकडे बघा. नळी मॅनिफोल्डला जोडलेली असेल तर काटा लगेच शून्यावर येतो. व्हॉल्व्हच्या पलीकडे असेल तर तिथंच बसून राहतो. मग ब्रेक पेडल दाबा. दर दाबाला काटा एक पायरी उतरतो: 19, मग 13, मग 7, आणि पेडल हळूहळू कडक होत जातं. आकडे गाडीगणिक बदलतील, पायऱ्या मात्र दिसतातच. त्या दिसल्या की इंजिनाला हात लावायची गरज नाही, टी ची जागा बदला.

हे एवढं ताणून सांगतोय कारण यात सगळं बरोबर असतं. गेज बरोबर, नळी बरोबर, इंजिन बरोबर, आणि आकडा पूर्ण बिनकामाचा. पुस्तकातल्या तक्त्यात हा बिघाड सापडत नाही. तक्ता धरून चालतो की नळी मॅनिफोल्डलाच आहे. म्हणून काटा वाचण्याआधी नळीचं दुसरं टोक हातानं चाचपत शोधा. नुसतं डोळ्यानं नको. डॅशबोर्डमागं शिरलेली काळी नळी आणि फायरवॉलमधून बाहेर आलेली काळी नळी एकच आहे असं वाटतं, नेहमी ती एकच नसते.

आणि दोन जागी टी कधीच मारू नका. ब्रेकच्या नळीवर नाही, व्हॉल्व्हच्या कुठल्याच बाजूला नाही. तिथली जोडणी निसटली तर घाट उतरताना पेडल दगडासारखं होतं. दुसरी जागा वेस्टगेट ॲक्च्युएटरची, म्हणजे वेस्टगेट उघडणाऱ्या डबीची नळी. ॲक्च्युएटर दाबावर चालणारा असेल आणि त्या नळीला गळती लागली, तर वेस्टगेट वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट हाताबाहेर जातो. गेज बसवायच्या नादात इंजिन घालवलेली गाडी मी बघितली आहे.

डिझेलचं वेगळं आहे. डिझेलमध्ये हवेला अडवणारा थ्रॉटल पेट्रोलसारखा नसतो, त्यामुळे आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. काटा शून्याशी चिकटलेला दिसतो आणि तो खरंच बोलत असतो. काही नव्या डिझेलना ईजीआरसाठी (जळका धूर थोडा परत इंजिनात सोडायची व्यवस्था) फ्लॅप असतो, तिथं थोडासा दिसेल. उलट डिझेलवर आयडलला 25-26 इंच दिसले तर नळी व्हॅक्यूम पंपाच्या लाईनवर आहे हे समजा.

आता आकड्यांचं. पुस्तकात चांगल्या पेट्रोल इंजिनाचा आयडल व्हॅक्यूम 17 ते 21 इंच लिहिलेला असतो. हे इंच पाऱ्याचे आणि समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे अठराशे फूट. रत्नागिरीत 19 दाखवणारी गाडी आंबा घाट चढून इथं आली की 17 दाखवणार. मालकाला वाटतं, घाटात गाडीला काहीतरी झालं. काही झालेलं नसतं. महाबळेश्वरात ती 15 च्या आत जाईल.

स्कॅनरचा घोळही इथलाच. स्कॅनरवरचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, म्हणजे पूर्ण निर्वात ते शून्य. गेजचं शून्य मात्र बाहेरची हवा. इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून बघा: कोल्हापुरात मॅप 95 किलोपास्कलच्या आसपास हवा, रत्नागिरीत 101. इथं 70 किंवा 115 दिसलं तर सेन्सर, त्याचा पाच व्होल्टचा पुरवठा किंवा अर्थिंग आधी बघा. मग इंजिन चालू करा. आयडलला मॅप 35 आला तर 95 वजा 35 म्हणजे 60 किलोपास्कल व्हॅक्यूम, इंचात जवळपास 18. लोडवर मॅप 175 आला तर 175 वजा 95, म्हणजे 80 किलोपास्कल, 0.8 बार बूस्ट, साडेअकरा पीएसआयच्या थोडा वर. मोबाईल ॲपवर 1.75 बार आणि गेजवर 0.8 बघून गिऱ्हाईक भांडायला येतं. दोन्ही बरोबर असतात. ही वजाबाकी तोंडपाठ करा, स्वतःचा स्कॅनर विकत घेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. खरं तर मी तर म्हणेन, पहिल्या पगारातून हातपंप घ्या, स्कॅनर नंतर.

नळीबद्दल दोन शब्द. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावलेल्या गाड्या येतात. स्वस्त पडते, मापात बसते, आणि इंजिनाच्या उष्णतेनं मऊ पडून व्हॅक्यूमला चप्पट होते. थंड इंजिनाला सगळं छान, अर्ध्या तासानं काटा खुळ्यासारखा. सिलिकॉनची जाड भिंतीची नळी लावा आणि दोन्ही टोकांना क्लिप मारा. क्लिप नसली की गंमत होते: व्हॅक्यूम नळीला आत खेचून धरतो, त्यामुळे आयडलला आकडा बरोबर येतो. बूस्ट मात्र तिला बाहेर ढकलतो, मग लोडवर जोडणी सुटते किंवा फुसफुसते. ग्लोव्हबॉक्स बंद केला की मागं नळी दुमडते, हेही नेहमीचंच. काटा बघताना ग्लोव्हबॉक्स उघडबंद करून बघा.

गेज, नळी आणि जागा तिन्ही पास झाल्यावरच इंजिन. तिथला तक्ता तुम्हाला माहीत आहे, पटकन सांगतो. काटा स्थिर पण 12-14 वर: गळती नाहीतर इग्निशनचं टायमिंग मागं. ठरावीक ठेक्यात खाली आपटतोय: एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. 2500 आरपीएमला धरून ठेवलं आणि काटा हळूहळू उतरत गेला: सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक. नव्या गाड्यांत व्हॅक्यूम गळतीची खात्री फ्युएल ट्रिमवरून (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) करा. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत ट्रिम आयडलला बराच प्लसमध्ये आणि 2500 ला शून्याजवळ आला, की थ्रॉटलनंतर कुठंतरी हवा आत शिरतेय. बूस्ट कमी असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) जोडण्यांवर तेलाचा ओला काळा पट्टा शोधा, गळती बहुतेक तिथंच असते. स्कॅनरवर येणारा पी 0299 हा कोड फक्त बूस्ट कमी पडतोय एवढंच म्हणतो. टर्बो बदला असं तो म्हणत नाही.

गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर शिंपडणारे उस्ताद भेटतील. "मी वीस वर्षं करतोय" म्हणतील. करू देत. तुम्ही तेव्हा लांब उभे राहा आणि अग्निशामक कुठं टांगलाय ते बघून ठेवा. स्मोक मशीन असेल तर सोनं, नसेल तर साबणाचं पाणी. साबणाचं पाणी बूस्टच्या बाजूला, बाहेरून थोडा दाब देऊन. व्हॅक्यूमच्या बाजूला फेस आत ओढला जातो, दिसत काही नाही.

उस्तादांवरून आठवलं. नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा मिस्त्री शिकायला सगळ्यात वाईट. त्याचं बरोबर येत असेलही, पण तो कान तुम्हाला देऊ शकत नाही. ज्याच्या जॉब कार्डावर आधीचा आणि नंतरचा आकडा लिहिलेला असतो त्याच्या हाताखाली राहा, तो शिव्या देत असला तरी. आणि सुटे सेन्सर बदलत बसणाऱ्याकडून काही घेऊ नका, चहासुद्धा.

इलेक्ट्रॉनिक गेज असेल तर एकच गोष्ट आधी करा. आयडलला आकडा बघा, मग हेडलाईट आणि मागच्या काचेचा हीटर चालू करा. आकडा त्याच क्षणी उडी मारून बसला, तर आधी अर्थिंगची तार बघा. ती रंगावर कसलेली सापडेल. रंग खरवडून, पत्रा उघडा करून पुन्हा कसा. सेन्सरचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पावसाळ्यात नळीतलं पाणी त्यात साचून राहतं.

शेवटी ट्रायल. एकट्यानं गाडी चालवत काटा वाचायचा नाही, शेजारी कुणीतरी बसवा. चढाचा मोकळा रस्ता, तिसरा गिअर, 2000 पासून पूर्ण ॲक्सिलरेटर. शेजारच्यानं तीन आकडे टिपायचे: गेज, स्कॅनरचा मॅप, आरपीएम. मॅपमधून 95 वजा करून गेजशी जुळलं तर गाडी द्या. जुळलं नाही तर गाडी परत आत घ्या, गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी, आणि पुन्हा नळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू करा.