व्हर्च्युअल मशीनसाठी कर्नल बांधताना या चुका टाळा

सातपूर-अंबडमधील एखाद्या कार्यालयात लॅपटॉपवर नीट चालणारी इमेज (संपूर्ण सिस्टिमची डिस्क-प्रत) मुंबईच्या क्लाउड सर्व्हरवर चढवली की बूटच होत नाही, ही तक्रार नाशिकमध्ये नवी नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्या यंत्रावर बांधला (कंपाइल केला) त्याचे हार्डवेअर गृहीत धरले जाते आणि व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला, प्रत्यक्ष दिसणारे हार्डवेअर राहून जाते, हे त्यामागचे नेहमीचे कारण.

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलला हवे तेव्हा जोडता येणारे भाग) पाहून बाकीची कॉन्फिगमधून, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचे त्या यादीतून, वगळते. ती लॅपटॉपवर चालवली तर वायफायचा ड्रायव्हर राहतो आणि व्हर्टआयओचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधील डिस्क-नेटवर्कचा, जातो. केव्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची लिनक्समधील सोय) 'मेक डेफकॉन्फिग' आणि त्यानंतर 'मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग' हाच मार्ग बरा. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमधील नायट्रो सर्व्हरवर मात्र डिस्कसाठी एनव्हीएमई आणि नेटवर्कसाठी ईएनए हे ड्रायव्हर हवेतच.

सर्वांत जास्त वेळ खाणारा संदेश म्हणजे 'अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)', म्हणजे सिस्टिम ज्यावर आहे ती रूट डिस्क जोडता आली नाही. येथे शून्यांचा अर्थ असा, की कर्नलला डिस्कच सापडलेली नाही. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधला असेल आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना मेमरीत उघडणारी, गरजेचे ड्रायव्हर असलेली छोटी फाइल सिस्टिम) तयार केलेली नसेल, तर तो ड्रायव्हर ज्या डिस्कवर आहे तीच उघडण्यासाठी त्याची गरज पडते आणि काम तेथेच अडते. शून्यांऐवजी दुसरे आकडे दिसले, तर डिस्क बहुधा सापडलेली असते आणि ईएक्सटी4 किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टिमचा आधार कर्नलमध्ये नसतो. रूट डिस्कचे नाव 'एसडीए' असे लिहून ठेवू नये, कारण व्हर्टआयओवर तीच डिस्क 'व्हीडीए' होते. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक, द्यावा. पण इनिटरॅमएफएस नसेल तर कर्नलला यूयूआयडी समजत नाही, पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) समजतो, ही बाब फार थोड्यांच्या लक्षात असते.

हे संदेश सर्व्हरच्या सीरियल कन्सोलवर दिसावेत म्हणून कर्नलच्या कमांड लाइनवर 'कन्सोल=टीटीवायएस0' अवश्य लिहावे.

उबुंटूची कॉन्फिग फाइल वापरल्यास प्रमाणपत्राची फाइल न सापडल्याने कंपाइल थांबते. त्यासाठी कॉन्फिगमधील ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज हे दोन्ही पर्याय रिकामे करावेत. मॉड्यूल्स बसवताना 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=1' दिले नाही, तर डीबग माहितीमुळे इनिटरॅमएफएस फुगते आणि बूट पार्टिशन भरते.

जुना कर्नल इमेजमधून लगेच काढू नये. ग्रबमध्ये (कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणारा बूटलोडर) 'ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड' ठेवून जुनाच कर्नल मूळ निवड म्हणून राखावा, 'ग्रब-रीबूट'ने नवा एकदाच सुरू करावा आणि त्याच्या कमांड लाइनवर 'पॅनिक=10' द्यावे; तो पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीमुळे थांबला, तर 10 सेकंदांनी मशीन रीबूट होऊन जुन्या कर्नलवर परत येते.