नाशिकच्या वायनरीतून ऑस्ट्रेलियात: वाइनमेकरच्या स्किल्ड व्हिसाची तयारी कशी करावी

ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी वायनरीत काम केल्याचा दाखला पुरत नाही. वाइनबद्दलचे निर्णय तुम्ही घेत होता, हे कागदावर दिसावं लागतं. द्राक्ष कधी तोडायचं, कोणतं यीस्ट घालायचं, कोणत्या टाक्यांचा ब्लेंड करायचा, हे कोणी ठरवलं? अर्ज मुख्यतः या एका प्रश्नावर तरतो किंवा बुडतो. म्हणून पुढची पायरी जी असेल ती असो, तयारी या प्रश्नापासून सुरू करा.

१. आधी कोड

ऑस्ट्रेलिया प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी कोड देतं. वाइनमेकरचा कोड आहे २३४२१३. याच्या आसपासचे कोड नीट ओळखून ठेवा, कारण गफलत इथेच होते. वायनरी सेलर हँड (टाक्या-पंपांवर काम करणारा कामगार) ८३१११८ हा वेगळा आणि बऱ्याच खालच्या श्रेणीचा व्यवसाय आहे. द्राक्षबाग सांभाळणाऱ्यांसाठी १२१२१५ आहे. वायनरीत असूनही तुमचा दिवस प्रयोगशाळेत जात असेल, तर केमिस्ट २३४२११ किंवा फूड टेक्नॉलॉजिस्ट २३४२१२ तुम्हाला जास्त जवळचा असू शकतो. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते बाजूला ठेवा आणि रोजच्या कामाची यादी करून मग कोड निवडा.

कोड ठरला की तो तुम्हाला हव्या त्या व्हिसाच्या यादीत आज आहे का, हे ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर बघा. १८९ (स्वतंत्र), १९० (राज्याच्या शिफारशीवर), ४९१ (शिफारशीवर, ठरावीक भागापुरता) आणि ४८२ (मालकामार्फत) या व्हिसांच्या याद्या सारख्या नसतात आणि त्या बदलतात. राज्यांच्या याद्या तर याहून लवकर बदलतात. दोन वर्षांपूर्वी मित्राला जमलं, या भरवशावर पैसे भरू नका.

२. पदवी आणि तिची तारीख

वाइनमेकरची कौशल्य तपासणी व्हेटअसेस ही संस्था करते. ढोबळ अट अशी: ऑस्ट्रेलियन बॅचलरच्या तोडीची किंवा वरची पदवी, तीही वाइनशी थेट संबंधित विषयात; आणि पदवीनंतर, गेल्या पाच वर्षांत, किमान एक वर्षाचं वाइनमेकरच्या दर्जाचं पगारी काम, आठवड्याला निदान २० तास.

पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून वाइन टेक्नॉलॉजी केलेल्यांना विषयाची अडचण सहसा येऊ नये. नुसत्या बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीवर मात्र विसंबू नका. विषय थेट संबंधित आहे की नाही, हे अभ्यासक्रमातल्या पेपरांवरून ठरतं. तेव्हा मार्कशीटबरोबर विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रमही काढून ठेवा. काही संस्थांची तीन वर्षांची पदवी ऑस्ट्रेलियन बॅचलरच्या खालची धरली जाऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

खरा खड्डा तारखेचा आहे. समजा बी.एस्सी. रसायनशास्त्रात झाली, तीन वर्षं वायनरीत नोकरी केली आणि मग वाइनमध्ये एम.एस्सी. केली. तपासणीत एम.एस्सी.च धरली गेली, तर आधीची तीन वर्षं ‘पदवीपूर्व’ ठरतात. पदवीपूर्व अनुभवावर जायचं तर पाच वर्षं संबंधित काम आणि त्याशिवाय अलीकडचं एक वर्ष, असं बरंच मोठं ओझं पडतं.

३. अनुभवाचं पत्र: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपल्याकडे एचआर देतं ते पत्र साधारण असं असतं: ‘हे आमच्याकडे प्रॉडक्शन एक्झिक्युटिव्ह होते, यांनी उत्पादन विभागाची जबाबदारी उत्तम सांभाळली, वर्तणूक चांगली.’ हे पत्र व्हिसाच्या कामाचं नाही. त्यावरून तुम्ही पंप ओढत होता की वाइन बनवत होता, हे कुणालाच कळणार नाही.

कामाच्या पत्राचा मजकूर या वळणाचा हवा:

‘काढणीपूर्वी बागांतून नमुने घेऊन ब्रिक्स, पीएच व एकूण आम्लता तपासणे आणि तोडणीचा दिवस ठरवणे. जातीनुसार यीस्ट निवडणे. किण्वनाचं तापमान ठरवून रोज नोंद ठेवणे: शेनिन ब्लाँसाठी १४ ते १६ अंश, शिराजसाठी २५ ते २८ अंश सेल्सिअस. रेड वाइनचं मॅलोलॅक्टिक किण्वन केव्हा सुरू करायचं आणि केव्हा थांबवायचं याचा निर्णय. मुक्त सल्फर डायऑक्साइड मोजून मात्रा ठरवणे. ब्लेंडच्या चाचण्या घेणे, बॉटलिंगला मंजुरी देणे. सेलरमधील कामगार व लॅब केमिस्ट यांच्या कामाचं नियोजन.’

प्रत्येक कामाला अंदाजे किती टक्के वेळ जातो, तेही लिहून घ्या. याखेरीज पत्रात रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, पदनाम, आठवड्याचे तास, पगार, वरिष्ठ कोण, हाताखाली कोण, आणि सही करणाऱ्याचं नाव, पद व फोन हवा. कागद लेटरहेडचाच. पदनामाच्या जागी ‘केमिस्ट’ किंवा ‘ऑफिसर’ असेल तर ते बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पगारपत्रकावर एक आणि पत्रावर दुसरं, असं दिसलं की संशय येतो. पद आहे तेच राहू द्या, कामं तपशिलात लिहा.

नाशिकचा हंगाम जानेवारी ते मार्च. उरलेले नऊ महिने तुम्ही काय करत होता, याचं उत्तर पत्रातच असू द्या: रॅकिंग, बॅरलची देखभाल, स्टॅबिलायझेशन, फिल्टरिंग, बॉटलिंग, पुढच्या हंगामासाठी शेतकऱ्यांच्या बागांना भेटी. नाहीतर वाचणाऱ्याला तुम्ही हंगामी माणूस वाटाल.

पत्राच्या पाठीशी पैशाचा पुरावा लागतो: पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफ पासबुक. लहान वायनरीत पगाराचा काही भाग रोख मिळत असेल, तर तेवढा भाग सिद्ध करणं कठीण. पुढे जायचं पक्कं असेल तर आजपासून सगळा पगार खात्यात घ्या.

४. गुणांचा हिशेब

१९० आणि ४९१ साठी किमान ६५ गुण लागतात. प्रत्यक्षात व्हिसाचा अर्ज करण्याचं बोलावणं यायला बहुधा जास्तच. वय २५ ते ३२ असेल तर ३०, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५. पंचेचाळिशी पूर्ण झाली की दार बंद. पदवीचे १५. आयएलट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत किमान ६ असेल तर शून्य, ७ ला १०, ८ ला २०. परदेशातला अनुभव, म्हणजे आपल्यासाठी भारतातलाही, ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १०, ८ वर्षांना १५. अविवाहिताला १०. राज्याच्या शिफारशीचे १९० मध्ये ५ आणि ४९१ मध्ये १५.

अनुभव मोजताना बरेच जण फसतात. पात्रतेसाठी वापरलेलं एक वर्ष गुणांत धरलं जात नाही. साडेतीन वर्षं काम केलेल्याच्या हाती अडीचच उरतात, म्हणजे शून्य गुण. साडेचार वर्षंवाल्याला ५ मिळतात. त्याचं वय २९, आयएलट्समध्ये चारही भागांत ७, लग्न झालेलं आणि जोडीदाराचे गुण नाहीत असं धरलं तर: ३० + १५ + १० + ५ = ६०. १९० मध्ये हे ६५ होतात, ४९१ मध्ये ७५. इथे इंग्रजी ७ वरून ८ वर नेणं हा १० गुणांचा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग आहे.

५. अर्ज आणि राज्य

स्किलसिलेक्ट या ऑस्ट्रेलियन सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेवर इच्छापत्र (व्हिसा हवा असल्याची नोंद) भरायचं. ते दोन वर्षं चालतं. त्याआधी व्हेटअसेसचा निकाल आणि इंग्रजीचा निकाल हातात हवा. सिद्ध करता येणार नाहीत असे गुण इथे टाकू नका. बोलावणं त्याच गुणांवर येतं, पुढे ते कमी भरले तर व्हिसा नाकारला जातो आणि फी परत मिळत नाही. मुख्य अर्जदाराची ही फी साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे.

४९१ पाच वर्षांचा असतो आणि ‘रीजनल’, म्हणजे मुख्य महानगरांबाहेरच्या, भागातच राहून काम करावं लागतं. वाइनमेकरला ही अट फारशी जाचत नाही, कारण बरोसा, कूनावारा, मार्गारेट रिव्हर, ग्रिफिथ हे सगळं रीजनलमध्येच येतं. ॲडलेड शहरसुद्धा. तीन वर्षं तिथे राहून कर भरल्याचे कागद जमले की १९१ या कायमच्या व्हिसाला अर्ज करता येतो.

मालक थेट नेणार असेल तर ४८२. त्यातल्या कोअर स्किल्स गटात एक वर्षाचा अनुभव आणि आयएलट्स ५ पुरतं, पण पगाराला खालची मर्यादा आहे: १ जुलै २०२५ ला ती वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली आणि ती दर जुलैला वाढते. असिस्टंट वाइनमेकरच्या ऑफरमध्ये हा आकडा आधी बघा.

तिथे ओळखी नसतील तर १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी ४६२ वर्क अँड हॉलिडे व्हिसा आहे. वर्षाला १,००० जागा, सोडतीनं. ऑस्ट्रेलियाचा हंगामही साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे नाशिकचा हंगाम सोडूनच जावं लागतं. मालकाशी आधी बोला. तिथलं काम बहुधा सेलर हँडचं असेल, ते वाइनमेकरचा अनुभव म्हणून चालणार नाही. फायदा ओळखीचा.

६. बोलावणं आल्यावर

अर्जाला ६० दिवस मिळतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढा. गेल्या दहा वर्षांत एकूण १२ महिने दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलाही लागतो. वैद्यकीय तपासणी नेमलेल्या डॉक्टरांकडेच.

आणि नावं जुळतात का पाहा. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर बदललेलं आडनाव असेल तर तो तिसरा प्रकार. एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि लागल्यास राजपत्राची प्रत व्हेटअसेसच्या अर्जालाच जोडा. ६० दिवसांत राजपत्राच्या मागे धावायला वेळ पुरत नाही.