नव्या वर्षावर कथा लिहिताना या चुका टाळा

पाडवा किंवा १ जानेवारी जवळ आला की अनेकांना काहीतरी लिहावंसं वाटतं. ती ओढ खरी असते. तरीही या मुहूर्तावर सुरू झालेल्या कितीतरी कथा दुसऱ्या पानावर थांबतात, आणि बहुतेकदा एकाच जागी.

ती जागा म्हणजे रात्रीतून बदललेलं पात्र. ३१ डिसेंबरला पिऊन आलेला बाप सकाळी अंघोळ करून मुलीला शाळेत सोडायला निघतो. वाचकाला हे पटत नाही, कारण जुनं सगळं कुठे गेलं ते त्याला दिसलेलं नसतं. अशी कथा अडली तर पुढे रेटू नका. मागे जा आणि पात्राचं देणं शोधा.

मला यासाठी सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणाऱ्या गड्याचं, उदाहरण नेहमी आठवतं. मराठवाड्यात, विदर्भात सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, आगाऊ उचल किती, हे मालकाशी बसून ठरतं. मागची उचल फिटली नसेल तर माणूस मनात नसूनही पुन्हा त्याच बांधावर राहतो. घरोघरी गुढ्या उभ्या आहेत आणि हा ओसरीवर बसून आकडा ऐकतो आहे! एवढ्या एका प्रसंगात नवं वर्षही आलं आणि जुनंही. तुमचं पात्र शहरातलं असेल, नोकरदार असेल, तरी त्याची उचल कोणती हे आधी ठरवा. न फेडलेला शब्द, न केलेला फोन, भावाकडे राहिलेले पैसे, काहीही चालेल.

दुसरी चूक यादीची. काठी, खण, कडुलिंबाचा डहाळा, गाठी, तांब्या, सगळं एका दमात येतं आणि निबंध होतो. एकच वस्तू निवडा आणि ती कोणाच्या तरी हातात द्या. कडुलिंब, गूळ, जिरं, ओवा वाटणारी बाई त्या वाटणात यंदा गूळ कमी का घालते, एवढं पुरतं.

तारखेचा हट्टही सोडा. आपल्याकडे वर्ष कितीदा तरी सुरू होतं: दिवाळी पाडव्याला दुकानात नवी वही, १ एप्रिलला हिशेबाचं वर्ष, जूनमध्ये शाळा.

आणि नवी वही आणून पहिलं पान कोरं ठेवणाऱ्यांना एक विनंती. सुंदर पहिल्या वाक्याची वाट पाहू नका, तिसऱ्या पानापासून लिहा. ‘रोज हजार शब्द’ असला संकल्पही नको. चार दिवस चुकले की वही कपाटात जाते. सकाळच्या उत्साहावर लिहिणं जमत नसेल तर संध्याकाळ घ्या. सूर्यास्ताच्या सुमारास गुढी उतरवतात. ती कोण उतरवतं, गाठी कोणाला मिळते, काठी पुन्हा माळ्यावर ठेवताना घरात कोण गप्प असतं, एवढंच आज लिहा.