देशांची यादी बाजूला ठेवा, वाट धरून वाचा

जगभरच्या कथा-कादंबऱ्या वाचायच्या असं मनावर घेतलं की बहुतेकांच्या हाती आधी एक यादी येते. डावीकडे देश, उजवीकडे त्या देशाचं एक पुस्तक, वाचून झालं की खूण. या यादीवर चालाल तर दमाल आणि हाती फारसं काही लागणार नाही. वाक्य कडक आहे, पण तसंच राहू देते. मी स्वतः त्या यादीत बराच काळ अडकून होते, म्हणून एवढ्या एका गोष्टीवर जरा जास्तच लिहिणार आहे.

चिनुआ अचेबे यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी १९५८ची. नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० साली. त्या कादंबरीतली माणसं इग्बो या तिथल्या एका समाजाची आहेत. त्यांची गावं, त्यांचे देव, त्यांच्या शेतातले कंद हेच त्यांचं जग. यादीत मात्र ‘नायजेरिया’पुढे खूण होते आणि त्याच देशातले, पण योरुबा या दुसऱ्या समाजातले लेखक वोले सोयिंका कायमचे मागे राहतात. इव्हो आंद्रिच यांचा जन्म १८९२चा, बोस्नियातला, आणि तेव्हा बोस्नियावर ऑस्ट्रिया-हंगेरीचा अंमल होता. १९६१ साली त्यांना नोबेल मिळालं ते युगोस्लाव्हियाचे लेखक म्हणून. आज तो देशच नकाशावर नाही. खूण कुठे करणार? काफ्का प्रागचे, पण लिहिलं जर्मनमध्ये.

आता हेच आपल्या बाजूने बघा. इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकाला मिळणारं इंटरनॅशनल बुकर २०२२ साली गीतांजली श्रींच्या हिंदी कादंबरीला मिळालं, २०२५चं बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना. परदेशातल्या एखाद्याने यातलं एक पुस्तक वाचून ‘भारत झाला’ म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? आणि मराठी? तिचं तर नावही त्याच्या कानावर गेलेलं नसेल. आपण इजिप्त, केनिया, कोरिया यांचं नेमकं हेच करतो.

याहून मोठं नुकसान आणखी वेगळं आहे. एका पुस्तकावर अख्ख्या देशाचा भार टाकला की आपण देश ‘समजावून सांगणारी’ पुस्तकंच निवडायला लागतो. अफगाणिस्तान म्हटलं की युद्ध, आफ्रिका म्हटलं की दुष्काळ, लॅटिन अमेरिका म्हटलं की हुकूमशहा. कादंबरी आपण माहितीपुस्तिकेसारखी वाचतो आणि तिच्यातला माणूस हातातून निसटतो. पुस्तक मिटल्यावर स्वतःला एवढंच विचारा: यातल्या एका तरी माणसाबद्दल मला दहा मिनिटं बोलता येईल का? देशाबद्दलच बोलता येत असेल, तर तुम्ही अजून यादीच वाचताय.

मग करायचं काय? एक वाट धरायची. एका लेखकाकडून त्याच्या शेजाऱ्याकडे, तिथून पुढच्या गावाला. मला जी लागू पडली ती सांगते.

नगीब महफूझ यांच्या कैरोपासून सुरू करा. नोबेल मिळालेले ते अरबी भाषेतले पहिले लेखक, साल १९८८. निवृत्तीपर्यंत त्यांनी सरकारी नोकरी केली आणि ती सांभाळून लिहिलं. नोकरी करून वाचायला वेळ कुठून आणायचा, असं वाटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. १९५६-५७ साली आलेली त्यांची कैरोची कादंबरीत्रयी उघडली की आधी भेटते अमीना. मध्यरात्री जागी होऊन ती नवऱ्याची वाट बघते आहे. तो मौजमजा करून येणार आणि ही त्याला दिवा दाखवायला उभी राहणार. तिला घराबाहेर पडायची मुभा नाही, सज्जाच्या जाळीतून दिसेल तेवढाच रस्ता तिचा. हे कळायला इजिप्तचा इतिहास आधी वाचावा लागत नाही. इंग्रजांविरुद्धचा १९१९चा उठाव पुढे त्या घराच्या दारातून आपसूक आत येतो.

तिथून नाईलच्या काठाने वर सुदानला जा, तय्यिब सालिह यांच्याकडे. त्यांची १९६६ची कादंबरी सुरू होते ती इंग्लंडहून शिकून नदीकाठच्या आपल्या गावी परतलेल्या तरुणापासून. मग पूर्व किनाऱ्याने खाली झांझिबार. अब्दुलरझाक गुर्ना तिथले. १९६४च्या क्रांतीनंतर त्यांना बेट सोडावं लागलं, ते ब्रिटनला गेले, इंग्रजीत लिहू लागले आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या पुस्तकांत मोसमी वाऱ्यांवर चालणारा व्यापार आहे, हिंदी व्यापारी आहेत, १९९४च्या कादंबरीत तर कलासिंगा नावाचा शीख मेकॅनिक आहे. त्याच वाऱ्यांवर गलबतं आपल्या किनाऱ्यालाही लागायची. मुंबईत बसून हे वाचताना जे वाटतं ते कुठल्याही यादीतून मिळणार नाही. तुमची वाट वेगळी असेल. कुणी चेकॉव्हपासून निघेल, कुणी जपानपासून. निघा मात्र एका ठिकाणाहून.

पुस्तक हातात घेतल्यावर काय बघायचं? माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात जुनी पुस्तकं चाळताना बहुतेक जण मुखपृष्ठ बघतात, मागचा मजकूर वाचतात आणि किंमत विचारतात. त्याआधी पहिलं पान उलटा. बारीक अक्षरातला प्रकाशनाचा तपशील असतो तिथे थांबा. मूळ भाषा कुठली, मूळ प्रकाशन कधीचं, अनुवाद कुणाचा आणि कुठल्या भाषेतून? अल्बानियाचे इस्माईल कादारे यांची कितीतरी पुस्तकं इंग्रजीत आली ती फ्रेंचमार्गे. असा दोन हातांतून आलेला अनुवाद वाईटच असतो असं नाही, पण वाक्यं सपाट वाटली तर मूळ लेखकाला लगेच दोष देऊ नका. अनुवादकाचं नाव लिहून ठेवायची सवय लावा. आवडलेल्या अनुवादकाचं पुढचं पुस्तक शोधणं हा नवा लेखक सापडायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, पुरस्कारांच्या याद्यांपेक्षाही. इंटरनॅशनल बुकरची रक्कम २०१६पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते, ती उगाच नाही.

मराठीतून वाचलं तर कमीपणा येतो का? अजिबात नाही. हे मला फार मनापासून सांगायचंय, कारण मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं इंग्रजी भरभर वाचता येत नाही म्हणून या वाटेला येतच नाहीत. पुलंनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी मराठीत आणला, जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या आणल्या, शांताबाई शेळक्यांनी ‘लिटल विमेन’ची केलेली ‘चौघीजणी’ वाचत पिढ्या वाढल्या. सोव्हिएत काळात रशियन पुस्तकं मराठीत अगदी स्वस्त मिळायची. घरातल्या जुन्या कपाटात एखादं नक्की असेल. आणि परकीय भाषांमधून थेट मराठीत आलेलं वाचायचं असेल तर ‘केल्याने भाषांतर’ या नियतकालिकाचे अंक शोधा. ग्रंथालयासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८पासूनचं. जर्मन साहित्याकडे वळलात तर काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनाचं ग्रंथालय आहे.

‘आधी सगळे अभिजात वाचा, मग बाकीचं’ असं सांगणारे मार्गदर्शक भेटतील. मान द्या, पण ऐकू नका. अभिजात पुस्तकांच्या ओझ्याखाली वाचन सोडून दिलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. आणि पंधरा मिनिटांत कादंबरी सांगणारे व्हिडिओ पुस्तकाआधी तर मुळीच बघू नका. विद्वानांची प्रस्तावनासुद्धा शेवटी वाचा, तिच्यात बहुतेक वेळा अख्खी गोष्ट फोडलेली असते.

नावांनी घाबरायला होतं, ते सगळ्यांनाच होतं. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात, अरबीत बापाच्या नावावरून आणि मुलाच्या नावावरूनही. पुस्तक स्वतःचं असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नाती लिहून ठेवा, ग्रंथालयाचं असेल तर चिठ्ठीवर. पन्नासेक पानं गेली की चिठ्ठी लागेनाशी होते. लोकलच्या गर्दीत एका वेळी चारच पानं होत असतील तर चारच होऊ देत. इंग्रजी हळू वाचता म्हणून तुम्हाला कमी कळतं असं मुळीच नाही.

सुरुवातीला सालिह घ्या, कादंबरी छोटी आहे. महफूझ यांचे तिन्ही भाग मिळून हजाराच्या वर पानं होतात. पण पहिला भाग एकटा वाचला तरी पुरतो, बाकीचे दोन सवडीने.