‘उद्या या’चं कारण लिहून मागा

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) फिल्डवर्कसाठी मला मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात पाठवलं, तेव्हा माझ्या पिशवीत राज्यघटनेची छोटी प्रत होती. अन्याय दिसला की कलम १४, १५, २१ काढून दाखवायची, असा बेत होता. तीन आठवड्यांत ते पुस्तक एकदाही उघडलं नाही. कारण ‘तुझ्यावर उपचार करणार नाही’ असं तिथे कुणी कुणाला म्हणतच नव्हतं. ‘बेड नाही’, ‘मशीन बंद आहे’, ‘उद्या या’, ‘मोठ्या हॉस्पिटलात दाखवा’ एवढंच कानावर पडायचं. (त्या भागातलं सगळ्यात मोठं हॉस्पिटल आमचंच होतं.)

हे २०१९ सालचं. हाडांच्या वॉर्डात नाक्यावर काम करणारा एक माणूस होता, परांचीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे गेली. विचारलं की उत्तर एकच, ‘प्लेट (हाड जोडायची धातूची पट्टी) आली नाही.’ पण त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, त्याच्यानंतर आलेला पेशंट प्लेट बसवून घरी गेलासुद्धा. मग माझं लक्ष केसपेपरच्या कोपऱ्यातल्या लाल खुणेकडे गेलं. एचआयव्ही रिअॅक्टिव्ह, म्हणजे तपासणीत एचआयव्ही आढळलेला.

मी तावातावाने आमच्या समाजसेवा विभागातल्या ज्येष्ठ मॅडमकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाल्या, “भांडायला जाऊ नकोस. तू दोन महिन्यांनी जाशील, त्याला त्याच डॉक्टरांच्या हाताखाली राहायचंय. जा आणि कारण लिहून माग.”

मी हाऊसमनला (वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला) म्हटलं, “डॉक्टर, प्लेटसाठी ट्रस्टकडे अर्ज करायचाय. ऑपरेशन तीनदा का पुढे गेलं ते केसपेपरवर दोन ओळीत लिहाल का? तारीख आणि सही लागेल.” त्याने पेन काढलं, थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, “उद्या सरांशी बोलतो.” त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. प्लेट स्टोअरमध्येच होती.

नवीन मुलामुलींना मी आजही हेच आधी सांगते. या कामात कायदा पाठ असावा लागतो, पण तो म्हणून दाखवायची वेळ क्वचितच येते. सांगितलेलं कारण तोंडी राहतं तोवर ते काहीही असू शकतं. तारीख-सहीसकट कागदावर आलं की ते कायद्याला उत्तर द्यायला बांधलेलं असतं.

आता कायद्याबद्दल. आपल्या अभ्यासक्रमातली बरीच पुस्तकं ब्रिटिश वळणाची असतात. त्यांत २०१० चा इक्वालिटी अॅक्ट असतो. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग अशी नऊ संरक्षित वैशिष्ट्यं, सगळी एकाच कायद्यात. परीक्षेला ते लिहा, पण वॉर्डात ते शोधू नका. आपल्याकडे असा एक छत्रीसारखा कायदा नाही. घटनेच्या कलम १५(१) मधली भेदभावाची मनाई ही राज्यसंस्थेला आहे, त्यामुळे सरकारी-महापालिका रुग्णालयांना ती थेट लागू होते. खासगी नर्सिंग होमसमोर नुसतं ‘पंधरा कलम’ म्हटलं तर समोरचा हसतो. तिथे वेगवेगळे कायदे लागतात आणि कोणत्या पेशंटला कोणता, हे ठाऊक असावं लागतं.

एचआयव्हीचा कायदा २०१७ चा, अंमलात आला १० सप्टेंबर २०१८ ला. मी वर सांगितलेला प्रसंग त्यानंतरचा आहे आणि आमच्या विभागात कुणीही त्याची प्रत पाहिलेली नव्हती. या कायद्यात उपचार नाकारणं, वेगळं ठेवणं आणि ‘आधी एचआयव्ही टेस्ट करा, मगच उपचार’ अशी अट घालणं, तिन्हीला मनाई आहे. माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल परस्पर कुणाला सांगणं नाही. हा कायदा सरकारीइतकाच खासगी संस्थेलाही लागू आहे. इतर आस्थापनांत शंभर माणसं असली तर तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आरोग्यसेवेच्या ठिकाणी वीस माणसं असली तरी. त्यावर राज्य पातळीवर, याच कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाची (ओम्बड्समन) तरतूद आहे. नवीन ठिकाणी रुजू झालात की पहिल्या आठवड्यात सहज विचारा, “आपल्याकडे तक्रार अधिकारी कोण?” चेहऱ्यांवरून बरंच कळतं.

डॉक्टरांची भीती मात्र खोटी समजू नका. सुई टोचली तर त्यांच्या घरीही लेकरं आहेत. याच कायद्यात कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचंही कलम आहे: हातमोजे वगैरे सार्वत्रिक खबरदारीची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि संसर्गाचा धोका झालाच तर पीईपीची (संसर्ग रोखण्यासाठी नंतर घ्यायची) औषधं, जी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. सार्वत्रिक याचा अर्थ प्रत्येक पेशंटला सारखीच. मग लाल खूण कशाला? हे मी ‘हक्क’ शब्द न वापरता, सिस्टरच्या बाजूने बोलत मांडते. “सिस्टर, तुम्हाला हातमोजे पुरेसे मिळतात का?” इथून सुरुवात केली की दार उघडतं.

आणि आता माझी चूक. तो वॉर्ड सोडताना मी त्याच माणसाचं रेफरल लेटर लिहिलं, एआरटी केंद्रासाठी, म्हणजे जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे. कळकळीने, नीट, आणि वर लाल पेनाने ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह – कृपया सहकार्य करावे’. पाकिटात न घालता त्याच्या भावाच्या हातात दिलं. भावाला माहीत नव्हतं. पुढे घरात काय झालं ते इथे लिहिणार नाही, पण माझ्या ‘सहकार्या’ची किंमत त्या माणसाने मोजली. खूण करणाऱ्याला मी नावं ठेवत होते आणि त्याच्याहून मोठी खूण मीच केली होती. तेव्हापासून माझ्याकडे लाल पेन नाही. पत्र बंद पाकिटात, पेशंटच्या हातात, आणि काय लिहिलंय ते आधी त्याला वाचून दाखवून.

मुंबईत या विषयाचा इतिहास पायाखाली आहे. वडाळ्याचं अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मधलं, रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णांना एका जागी नेऊन ठेवण्यासाठी उभं राहिलेलं. कुष्ठरुग्णांना वेगळं काढणारा १८९८ चा कायदा पुस्तकातून निघायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत कायद्यात होतं. म्हणजे धोरणानेच भेदभाव शिकवल्याचा दाखला. मुंबईतल्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय आज त्याच आवारात आहे. फिल्डवर्कची जागा निवडायला मिळाली तर एकदा तिथे चक्कर मारा. आपल्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, नाव गुप्त ठेवून आलेल्या एका कामगाराच्या प्रकरणात, काम करण्याजोग्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून रोजगार नाकारता येणार नाही असं म्हटलं होतं. कायदा यायच्या वीस वर्षं आधी.

ट्रान्स पेशंटच्या बाबतीत अडचण दारातच सुरू होते. केसपेपरच्या खिडकीवर कागदपत्रांतलं नाव मोठ्याने पुकारलं जातं, रांगेतली सगळी मान वळवून बघतात आणि ती व्यक्ती तिथूनच परत जाते. अशा माणसाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, म्हणून ‘आमच्याकडे तशी तक्रार नाही’ असं सांगता येतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा, लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य करणारा नालसा निकाल आणि २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम दोन्ही वाचा. त्या अधिनियमावर ट्रान्स समुदायाचेच बरेच आक्षेप आहेत, तेही वाचा. आणि असे कायदे दुरुस्त होत असतात, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. व्यवहारात मी एवढंच करते: खिडकीवरच्या दादांना पेशंट यायच्या आधी भेटते आणि “आडनावाने पुकारा” म्हणते. पुरुषांचा वॉर्ड की स्त्रियांचा, हे सिस्टर ठरवायच्या आधी त्या व्यक्तीला विचारते. कलमांची उजळणी न करता ही दोन कामं होतात.

अपंगत्वाचा २०१६ चा कायदा सात प्रकारांवरून एकवीसवर गेला आणि त्यात तपासणी-उपचाराला प्राधान्य आहे, म्हणजे रांगेत ताटकळायचं नाही. रॅम्प नाही हे दिसतं, पण बहिऱ्या बाईची संमती तिच्या भावाकडून घेतली जाते हे कुणाला दिसत नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितलंय, विम्यातसुद्धा. वैद्यकीय वॉर्डातला पेशंट ‘सायकियाट्रीचा आहे’ म्हणून त्याची पोटदुखी कुणी तपासत नसेल, तर हा कायदा आठवा.

जातीबद्दल मुलं विचारायला कचरतात. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं पाचवं कलम नेमकं रुग्णालयातल्या प्रवेशाबद्दल आहे, हे किती जणांना माहीत असतं? अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणं किंवा आत घेतल्यावर वेगळी वागणूक देणं हा गुन्हा आहे. पण मुंबईत तो असा उघडा सापडत नाही. ‘कुठे राहता?’, ‘पूर्ण नाव?’ आणि मग आवाजाचा सूर बदलणं. सूर सिद्ध करता येत नाही. मी जिथे काम केलं त्यातल्या एका ठिकाणी सफाईच्या मावशींचे कप वेगळ्या फळीवर असत आणि ‘इन्फेक्शनमुळे’ असं कारण सांगितलं जाई. रक्ताच्या नळ्या हाताळणाऱ्या टेक्निशियनचा कप मात्र सगळ्यांच्या फळीवर होता. पेशंटशी समानतेने वागा म्हणणाऱ्या संस्थेत आधी ती फळी बघावी, असं माझं मत आहे. मी तेव्हा काही बोलले नाही. माझा कप तेवढा मावशींच्या फळीवर ठेवायला लागले, पण त्याला धाडस म्हणण्यात अर्थ नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगते. सरकारी रुग्णालयात आपलं पद ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ या नावाने निघतं. जाहिरातीत ‘सोशल वर्कर’ शोधत बसलात तर ती निसटते. एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशकाच्या कंत्राटी जागा असतात आणि शिकण्यासारखं तिथे सर्वाधिक. मुलाखतीत कायद्याचं वर्ष विचारतातच, पण माझ्या वेळी ‘डॉक्टर ऐकत नसतील तर काय कराल?’ यावर पंधरा मिनिटं गेली. चहाचा किस्सा सांगितला. घेतलं.

मुंबईत सगळ्यात जास्त दिसणारा भेदभाव मात्र वरच्या कुठल्याच यादीत बसत नाही, तो पैशाचा. १९९२ मध्ये बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागलेला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जीविताच्या हक्काचा भंग ठरवून २५ हजार रुपये भरपाई दिली. लोकलच्या शहरात हा निकाल तोंडपाठच हवा. आणि ट्रस्टच्या रुग्णालयांसाठी आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१ कक कलम आहे: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवायचा, नकार मिळाला तर तो लेखी मागायचा आणि वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा.

एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी पेशंटसोबत गेले तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आमच्याकडे तशी स्कीम नाही.” तिच्या मागे, रबराच्या झाडाच्या मोठ्या कुंडीआड, त्याच योजनेचा फलक होता. मी म्हटलं, “बरं. स्कीम नाही असं लेटरहेडवर लिहून द्याल?” ती आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली ती भरायचा फॉर्म घेऊन. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पेशंटसोबत गेले तर कुंडी हलवलेली होती. फलक मात्र अजून इंग्रजीतच आहे. मराठीत लावा म्हणून पत्र दिलंय, पोच घेऊन.