वर्षअखेरीचा आढावा: छोट्या व्यावसायिकाने पुढच्या वर्षाची आखणी कशी करावी

वर्ष संपत आले की नव्या वहीत मोठी उद्दिष्टे लिहिण्याची घाई होते. ती आवरावी. सरत्या वर्षात पैसा कुठून आला, कुठे अडकला आणि आपला वेळ कशात गेला, हे कागदावर उतरवल्याखेरीज केलेली आखणी म्हणजे निव्वळ इच्छांची यादी असते. या कामासाठी सलग तीन तास राखून ठेवावेत आणि शक्यतो कामाच्या जागी बसू नये, कारण तिथे कोणी ना कोणी हाक मारतेच.

पहिल्या पायरीवर हिशेबाची वही मुळीच उघडू नये. कोणत्या कामात सर्वाधिक फायदा झाला, कोणते गिऱ्हाईक सर्वांत मोलाचे आणि कोणता महिना सर्वांत कठीण गेला, हे केवळ आठवणीने पाच-सहा ओळींत लिहावे. त्यानंतर बिले आणि बँकेचे उतारे काढून बारा महिन्यांचा तक्ता करावा. त्यात दर महिन्याची विक्री, त्या विक्रीसाठी झालेला थेट खर्च, भाडे-पगारासारखा ठरलेला खर्च आणि महिनाअखेरची रोकड एवढे चार रकाने पुरतात. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे वर्षभराच्या बिलांची बेरीज मांडावी. आता दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. माझ्या मते संपूर्ण आढाव्यातला सर्वांत बोलका क्षण हाच असतो. कारण ज्याचा फोन सतत येतो ते गिऱ्हाईक मोठे वाटत राहते आणि गाजावाजा न करता वेळेवर पैसे देणारे मनातून निसटते.

दुसरी पायरी उधारीची. वहीत नफा दिसत असूनही हातात पैसा नसतो, याचे कारण बहुधा येणे बाकीत किंवा पडून राहिलेल्या मालात सापडते. समजा, वर्षभराची उधारीवरची विक्री 12 लाख आहे आणि आजचे येणे 2 लाख आहे. 2 ला 12 ने भागून 365 ने गुणले की सुमारे 61 दिवस येतात, म्हणजे पैसे हाती पडायला सरासरी दोन महिने लागतात. पुरवठादाराला 30 दिवसांत द्यावे लागत असतील, तर मधल्या महिनाभराचा भार आपणच उचलत असतो. वसुलीची मुदत कमी करणे हे नवी गिऱ्हाइके शोधण्यापेक्षा अनेकदा स्वस्त पडते, फक्त मागायला संकोच वाटतो.

नंतर दिलेल्या सवलती तपासाव्यात. 70 ला पडलेली वस्तू 100 ला विकली तर 30 सुटतात. 10 टक्के सूट दिली की 20 उरतात आणि पूर्वीइतकेच पैसे सुटण्यासाठी दीडपट माल विकावा लागतो. सूट 20 टक्क्यांची असेल तर तिप्पट! सूट देताना हे गणित मांडले होते का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

आता आखणीकडे वळावे, पण सुरुवात काय बंद करायचे यापासून करावी. सुटणाऱ्या पैशाच्या मानाने फार वेळ खाणारे एक तरी काम, एखादी सेवा किंवा मालाचा एखादा प्रकार निवडून तो थांबवण्याची तारीख लिहावी. ही पायरी जिवावर येते, विशेषतः ते काम आपणच हौसेने सुरू केलेले असेल तर. तरीही ती टाळली की नव्या कामासाठी वेळच उरत नाही.

मोकळ्या झालेल्या वेळात बसतील एवढीच, फार तर तीन, उद्दिष्टे ठरवावीत. ‘वसुली सुधारणे’ असे न लिहिता ‘जूनअखेर वसुलीची सरासरी 61 वरून 45 दिवसांवर आणणे, दर सोमवारी थकबाकीदारांना फोन करणे’ असे लिहावे. सोबत पुढच्या तीन महिन्यांत येणारा आणि जाणारा पैसा आठवड्यागणिक मांडावा, म्हणजे कोणत्या आठवड्यात रोकड कमी पडेल ते आधीच दिसते आणि मोठी खरेदी त्यानुसार पुढे ढकलता येते.

उठण्यापूर्वी चारही तिमाहींच्या आढाव्याच्या तारखा दिनदर्शिकेत नोंदवाव्यात. आठवणीने लिहिलेला तो पहिला कागद मात्र फाडू नये. पुढच्या वर्षीचा तसाच कागद लिहून झाल्यावर तो बाहेर काढावा.